धव्या जांभळीची मेर

भाई, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. बाराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले, आणि मीही मुळगावहून मांद्र्याला परत आले. आल्यापासून कोणाशी धड बोललेले नाही. घरच्यांना वाटतं, भाऊ गेला म्हणून गप्प आहे. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले. तू हे वाचणार नाहीस हे मला कळतं. एकतीस वर्षं पेडण्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मेलेला माणूस पत्र वाचतो असं मी म्हणणार नाही. पण कागदावर मांडल्याशिवाय मला काही नीट उमगत नाही, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे.

तुझ्याबद्दल गावानं जे बोलायचं ते बोलून झालं. भजनात तुझा आवाज कसा लागायचा, देवळाच्या कामाला तू कसा सगळ्यांआधी हजर असायचास, खाणीच्या ट्रकांपुढे तू कसा आडवा उभा राहिलास, सगळं झालं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला त्यात भर घालायची नाही. मला त्या जांभळीबद्दल बोलायचं आहे, जिच्यावरून आपण सहा वर्षं एकमेकांशी बोललो नाही. खरं म्हणजे मी बोलले नाही. तू बोलत होतास, मी उत्तर देत नव्हते.

आबांनी वाटणी केली तो दिवस मला अजून दिसतो. माझं लग्न ठरलं होतं. गोव्यात मुलीलाही बापाच्या जमिनीत वाटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण लग्नाच्या आधी हक्क सोडल्याची तिची सही घेऊन मोकळं व्हायचं हेही सगळ्यांना माहीत असतं. आबांनी ते केलं नाही. ते आपल्या दोघांना घेऊन काजूच्या डोंगरावर गेले. पायथ्याच्या ओढ्यापासून, आपल्या व्हाळापासून, वर चढत निम्म्या चढावर एक जांभळ होती, माझ्या मांडीएवढ्या जाडीची, गुळगुळीत आणि पांढरीफटक. सगळ्या डोंगरात तेवढ्याच पांढऱ्या बुंध्याचं झाड ते एकच, म्हणून आपण तिला धवी जांभळ म्हणायचो. तिच्या बुंध्याशी आबांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "हिच्यापासून खाली व्हाळापर्यंत बायचा. वयलो भाग भाईचो."

तू विचारलंस, मधे दगडांचा गडगा घालूया का. आबा म्हणाले, "गडगो पावसात कोसळता. झाड कोसळणा नाय." आपल्या घराण्यात मेर, जमिनीची हद्द, झाडाचीच असते, दगडाची नाही, हे तेव्हा त्यांनी अभिमानानं सांगितलं. झाड जागचं हलत नाही हे त्यांचं बरोबर होतं. ते तसंच दिसत राहील का, हा प्रश्न त्यांना सुचला नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

मी मांद्र्याला आले. माझ्या वाट्याचा डोंगर तूच बघितलास. काजूचे बोंडू तूच वेचायचास, बिया तूच वाळवायचास, आणि दर मे महिन्यात माझ्या वाट्याच्या बियांचं पोतं पेडण्याच्या बसवर चढवून मला फोन करायचास की बाय, पोतं येता, उतरून घे. मेर कुठली, हा प्रश्न पस्तीस वर्षं कोणाला पडला नाही, कारण दोन्ही बाजूंना काम करणारा माणूस एकच होता.

सालीचा विषय मात्र आपल्यात कायम होता. आठवतं, मी आठवीच्या वर्गाला घेऊन मुळगावला आले होते? पेडण्याची पोरं, अर्ध्यांना झाडं म्हणजे माड आणि आंबा एवढीच ठाऊक. मी त्यांना पानं दाखवत होते. तू म्हणालास, पानं उंचावर असतात, गळतात, साल बारा महिने हाताशी असते. मग तू प्रत्येकाला डोळे मिटून बुंध्यावर हात ठेवायला लावलास. किंदळीच्या उभ्या भेगा, माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, चौकोनी खपल्या, नाणा ह्या झाडाची कागदासारखी सुटणारी साल. तासाभरात ती पोरं डोळे मिटून झाडं ओळखायला लागली, आणि परतीच्या बसमध्ये सगळी तुझंच नाव घेत होती. मला राग आला होता. तो मी तुला कधी सांगितला नाही, आज सांगते.

त्याच दिवशी तू मला सगळ्या पोरांसमोर विचारलंस, "मास्तरणी, कोंब आसताना सगळी झाडां हिरवी. मग मोठी झाल्यार एक काळा, एक तांबडा, एक धवा, ता कशाक?" मी फळा नसताना फळ्यासमोर असल्यासारखं उत्तर दिलं. कोवळ्या फांदीची साल पातळ असते, आतला हिरवा थर दिसतो. पुढे आत बुचासारखा थर तयार होतो, तो हिरवं झाकतो. बाहेरचे थर मरतात, त्यातला तुरट रस हवेला लागून काळपट होतो, कापून ठेवलेलं वांगं होतं तसा. खोड जाड होत जातं, बाहेरची मेलेली साल ताणली जाऊन फाटते, कुठे खपल्या पडतात, कुठे चिरा. वरून ऊन, पाऊस, शेवाळ. पांढरे डाग दिसतात ते बहुतेक दगडफुलाचे, मसाल्यात घालतो त्याच्याच भावकीतले. हा प्रश्न मी दरवर्षी तीन गुणांना घालायचे.

तुझं समाधान झालं नाही. तू मला एका आंब्याभोवती फिरवलंस. व्हाळाच्या बाजूनं हिरवट, उन्हाच्या बाजूनं राखाडी, आणि रस्त्याच्या बाजूनं खाणीच्या धुळीनं तांबडा. "आता सांग, ह्या झाडाचो रंग खंयचो?" मी म्हटलं, हे वरवरचं आहे, धुळीचा रंग झाडाचा नव्हे. तू म्हणालास, मग झाडाचा म्हणून कुठला राहिला? ह्यावर आपला वाद पुढे कितीतरी वर्षं चालला, चवथीला, शिगम्याला, कोणाच्या मुंजीत. खाणी बंद पडल्यावर दोन पावसांनी तू मुद्दाम फोन केलास की रस्त्याकडच्या बाजूनंही दगडफूल परत यायला लागलं, येऊन बघ. मी आले नाही, शाळेत परीक्षा होत्या. पण फोन ठेवल्यावर हसले होते. हे वाद मला आवडायचे, भाई. तुझ्याइतकं मला कोणी अडवत नसे.

मग मोप्याला विमानतळ येणार हे पक्कं झालं आणि आजवर ज्या डोंगरांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं त्यांची मोजणी सुरू झाली. मुळगावापर्यंत ती साथ आली. ह्याची मेर कुठे, त्याचा दगड कुठे. तू म्हणालास, आपलंही एकदा कागदावर नीट करून घेऊया, आपण आहोत तोवर. बोलणं शहाणपणाचं होतं. मोजणीदार बोलावला, शेजारचे दोघे साक्षीला आले, मी मांद्र्याहून आले. शिगम्याच्या आधीचे दिवस होते, काजूचे बोंडू पिकायला लागलेले.

मोजणीदारानं विचारलं, मेर कुठली. मी म्हटलं, धवी जांभळ, आणि सरळ चढत गेले. तिथे होती ना ती, मांडीएवढ्या जाडीची, गुळगुळीत, पांढरीफटक. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, ही. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तू खालीच थांबला होतास, वीस-बावीस पावलं खाली, एका दांडग्या झाडापाशी. काळपट, खडबडीत, खपल्या सुटलेलं झाड. तू म्हणालास, "बाय, ती न्हय गो. ही."

मला हसू आलं. मी म्हटलं, ही पांढरी आहे का? तू म्हणालास, होती. आता म्हातारी झाली, बुंध्याकडून काळी पडली. तू हात ठेवलायस ती जांभळ तुझ्या लग्नाच्या वेळी नव्हतीच, हिच्याच बीची असेल, नंतर कधीतरी उगवली.

आता मी काय बोलले ते मीच लिहिते. तिथे असलेल्या सगळ्यांना ते आठवतं आहे, तेव्हा झाकून उपयोग नाही. मी म्हटलं, पांढऱ्याचं तांबडं होईल धुळीनं, आणि पावसात धुऊन जाईल. पांढऱ्याचं काळं होत नाही. तू हसून म्हणालास, "तुझे काळे केस धवे झाले ना गो? मग झाडान उलटा केल्यान तर तुका राग कशाक?" शेजारचे दोघे हसले, मोजणीदारही हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी बीएस्सी आहे, तू मला झाडं शिकवू नकोस. आणि पुढे म्हटलं, त्या अकरा काजींसाठी तू लबाडी करतोस. आबांनी दिलेली जागा खातोस.

दोन जांभळींच्या मधे काजूची अकरा झाडं होती, अकरा काजी. वरची जांभळ मेर धरली तर त्या माझ्या, खालची धरली तर तुझ्या.

तू मोजणीदाराला म्हणालास, आज राहू दे. मी चहा न घेता निघाले. वहिनी दारात उभी होती, तिच्याशीही बोलले नाही.

त्यातलं 'लबाड' मला कमी टोचतं. रागात माणूस बोलतो. पण बीएस्सीचं मी काढायला नको होतं. आबांचा गुडघा गेला तेव्हा तू दहावी झाला होतास, आणि तुझे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. तू डोंगरावर थांबलास म्हणून मी म्हापशाला कॉलेजात गेले. माझी ट्रंक तूच बसच्या टपावर चढवलीस. ह्या गोष्टीबद्दल आपण जन्मात कधी बोललो नाही, तू कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि मी ती पहिल्यांदा काढली ती तुझ्या तोंडावर मारायला. तीही चुकीच्या झाडाला हात लावून.

सहा वर्षं मी मुळगावला आले नाही. चवथीला आले नाही. तू दर चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायची रानफळं बसनं पाठवायचास, मी ती उतरून घ्यायचे, बांधायचे आणि फोन करायचे नाही. मे महिन्यात माझ्या बियांचं पोतं यायचं. ते घ्यायला मात्र मला लाज वाटली नाही. उलट पोतं उघडून मी मनातल्या मनात म्हणायचे, खालच्या काजींच्या बिया पाठवतो आणि मधल्या अकरा काजी हा खातो. माझे यजमान म्हणायचे, फोन कर, तो मोठा आहे. मी म्हणायचे, मोठा आहे म्हणूनच त्यानं करायला हवा. तू करायचास. मी वाजू द्यायचे.

शेवटची भेट गेल्या वर्षीची, पेडण्याच्या लग्नातली. पंगतीत तू मुद्दाम माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसलास. तुझे हात बारीक झाले होते, मला दिसलं. आपण दोघंही खाली मान घालून जेवत होतो. तू म्हणालास, "बाय, एकदा जांभळीकडे जा आणि वर बघ." मी म्हटलं, भात निवतोय. तू भात कालवलास आणि जेवलास. आपलं शेवटचं बोलणं ते. मला वाटलं, वर बघ म्हणजे देव बघतो आहे, असलं काही म्हणतोयस. तू आयुष्यात कधी तसलं बोलला नव्हतास, हेही मला सुचलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी वहिनी कोयता आणि पाटी घेऊन निघाली. मी म्हटलं, अगं, आज कुठे? ती म्हणाली, काजी कोणासाठी थांबत नाहीत, पंधरा दिवस कोणी वेचलेलं नाही, तू येतेस तर ये. मी चपला घातल्या. वाटेत मी तिच्या मागून चालत होते. तिनं मला त्या सहा वर्षांत एकदाही दोष दिला नव्हता, त्यामुळे बोलायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं.

खालच्या जांभळीपाशी ती थांबली, दम खायला. मीही थांबले. बुंधा आता माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावला नसता. काळपट, भेगाळलेला, खपल्या सुटलेला, मधे मधे दगडफुलाचे हिरवट ठिपके. तुझं बोलणं आठवलं म्हणून नव्हे, मान आखडली होती म्हणून मी डोकं मागे टाकलं आणि वर बघितलं.

दोन पुरुष उंचीवर काळेपणा संपत होता. खपल्या विरळ होत गेल्या होत्या, आणि त्याच्या वर, फांद्या फुटतात तिथपासून थेट शेंड्यापर्यंत, जांभळ पांढरीफटक होती. गुळगुळीत. आबांनी जिच्या बुंध्याशी नारळ फोडला तीच साल, फक्त वर.

भाई, मला समजायला क्षणही लागला नाही. लागणार कसा, मीच शिकवत होते. जांभळीचा कोवळा बुंधा पांढरट आणि नितळ असतो. वय झालं की खालून, जिथे खोड सगळ्यात जुनं आणि जाड असतं तिथून, साल फाटते, खपल्या धरते, काळी पडते. वरचा भाग वयानं लहान, तो पांढराच राहतो. तीन गुणांचं उत्तर. सगळा डोंगर चढून मी झाड शोधलं ते पांढऱ्या रंगाचं आणि मांडीएवढ्या जाडीचं. माझ्या आठवणीतली जांभळ पस्तीस वर्षांत बोटभरही वाढली नव्हती. सगळं जग म्हातारं झालं, तू झालास, मी झाले, आणि त्या एका झाडानं माझ्या लग्नाच्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहावं अशी माझी अपेक्षा होती. एखाद्या पोरानं वर्गात असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, मेर ही. मधली जागा भाईची. मी चुकले."

तिनं पाटी खाली ठेवली. म्हणाली, "ता माका ठाऊक होता. तेंकाय ठाऊक होता. तुकाच कळूक होया होता."

मी विचारलं, मग एवढी वर्षं मोजणी का नाही करून घेतली त्यानं? साक्षीदार होते, सगळ्यांना पटलं असतं. ती म्हणाली, त्यांना कागदावर मेर नको होती, तुझ्या तोंडून हवी होती. कागद कधीही झाला असता. मग ती मधल्या पट्ट्याकडे वळली आणि मला म्हणाली, चल, बघ.

तोवर मी तिकडे नीट बघितलंच नव्हतं. मला वाटत होतं, तिथे तुझ्या अकरा काजी असतील, खाली झाडलेली स्वच्छ जमीन असेल, तू ठेवायचास तशी. तिथे रान माजलं होतं. आत शिरायला वाट नव्हती. जुन्या अकरा काजींच्या खाली काजूचीच रोपं, एकाला एक चिकटून, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, डोक्याच्या वर गेलेली. पायाखाली कुजलेल्या बोंडवांचा थर, त्याचा आंबूस वास, आणि त्यात पडलेल्या बिया. कोणी वेचलेल्या नाहीत.

वहिनी म्हणाली, "तेंनी हंय कोणाक जाऊक दिलां नाय. आपणही गेले नाय. म्हणायचे, बाय येतली, बघतली, मग काय ता ठरवतली. तोवर ही ना तिची, ना आमची."

मी म्हटलं, पण ही तर त्याचीच होती. ती म्हणाली, होय. आणि कोयत्यानं वाटेतली एक फांदी तोडून पुढे सरकली.

म्हणजे बरोबर असलेल्या माणसानं सहा वर्षं स्वतःच्या जागेत पाय टाकला नाही, आणि चुकलेली मी दर मे महिन्यात पोतं उघडून त्याला खादाड म्हणत होते. हे मी आता लिहिते तेव्हाही मला पुरतं पेलत नाही. त्या वेळी तर मी फक्त उभी राहिले. वहिनी खाली वाकून माझ्या बाजूच्या काजी वेचायला लागली होती. मला म्हणाली, उगी उभी राहू नकोस, पाटी धर. मी पाटी धरली.

काल मी इथल्या वकिलाकडे जाऊन आले. खालची जांभळ मेर म्हणून लिहून द्यायला सांगितली. शेजारच्या त्या दोघांना, जे त्या दिवशी हसले होते, मी बाराव्यानंतर त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की चूक माझी होती आणि तुम्ही हसलात ते बरोबर होतं. एकानं मला चहा दिला. दुसरा म्हणाला, भाईनं आम्हाला कधी तुमच्याबद्दल वावगा शब्द काढू दिला नाही. त्यांना सांगून झालं. तुला सांगायचं राहिलं, आणि ते आता राहणारच आहे, ह्याला माझ्याकडे उपाय नाही. मला राग आहे, भाई. बराचसा माझ्यावर, पण थोडा तुझ्यावरही आहे. तू मला हाताला धरून त्या झाडाखाली उभं करायला हवं होतंस. मी वाजू दिलेला फोन तू ठेवायचास, त्याऐवजी एकदा मांद्र्याला येऊन दारात ओरडायला हवं होतंस. तू वाट बघितलीस. माझ्यासारख्या बाईची वाट बघायची नसते, तिला हलवायचं असतं. एवढं तुला कळायला हवं होतं.

पण त्या दिवशी पाटी धरून मी तिथेच थोडा वेळ थांबले, आणि जे बघितलं ते तुला सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तुला ते माझ्याआधी दिसलं असेल, मेरेवरून. मी सवयीनं त्या रोपांच्या साली बघायला लागले. गेल्या पावसात उगवलेली होती त्यांची खोडं अजून हिरवी होती, नखानं ओरखडावीत इतकी कोवळी. त्याच्या आधीच्या वर्षाची तळाशी तपकिरी, वर हिरवी. त्याच्या आधीची सगळीच तपकिरी. मग एक राखाडी छटा येऊ लागलेली, मग बारीक चिरा दिसू लागलेल्या. माझ्या अबोल्याचं एकेक वर्ष तिथे उभं होतं आणि कुठलं वर्ष कुठलं ते मला सालीच्या रंगावरून सांगता येत होतं. सगळ्यात मागे एक होतं, पुरती राखाडी साल झालेलं, जुन्या काजींसारखंच. आपण भांडलो त्या उन्हाळ्यात तू पहिल्यांदा न वेचता सोडलेल्या बीचं ते झाड. मी फांदी खाली ओढली. त्याला बोंडू लागले होते.

एक बी जमिनीवर पडून, रुजून, हिरवीची तपकिरी, तपकिरीची राखाडी होऊन, तिला फळ धरेपर्यंत वेळ मला होता, भाई. मी फोन उचलला नाही.